अकरा तासांची हार्ड डिस्क

ठाण्यात माझे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात फोटो स्टुडिओ चालवणारे एक काका, माझे जुने गिऱ्हाईक, सीगेट कंपनीची ४ टीबीची सेकंडहँड हार्ड डिस्क घेऊन आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून त्यांनी ती नव्याच्या निम्म्या किमतीत, तीन दिवसांच्या चेकिंग वॉरंटीवर आणली होती आणि ती ठेवावी की परत करावी, हे मी सांगायचे होते.

डिस्क जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची प्रकृती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडले. प्रकृती 'गुड', रिअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेले भाग) शून्य, पेंडिंग सेक्टर (खराब असल्याचा संशय असलेले भाग) शून्य आणि चालू राहिल्याचे तास अवघे ११. काका खूश झाले. मला मात्र तो ११ चा आकडाच खटकला, कारण लेबलवर उत्पादनाचे वर्ष २०१९ होते, स्क्रूच्या भोकांच्या कडा घासलेल्या होत्या आणि सॅटाच्या, म्हणजे केबल जोडायच्या जागेच्या, सोनेरी पट्ट्यांवर प्लग पुनःपुन्हा काढल्या-घातल्याचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. कुठेतरी पाणी मुरत होते.

स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या प्रकृतीच्या नोंदीतले, तासांचे आकडे जाणकार माणूस पुसू शकतो; परंतु सीगेटच्या अनेक डिस्कमध्ये 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते आणि तास पुसणाऱ्याचे तिच्याकडे बहुधा लक्ष जात नाही. स्मार्टसीटीएल या सॉफ्टवेअरने ती वाचली, तेव्हा ३८,४१२ तास निघाले. वर्षाचे ८,७६० तास धरले, तर ही डिस्क चार वर्षांहून अधिक काळ चालली होती, आणि तेवढ्या काळात ती बंद-चालू झाली होती जेमतेम साठ वेळा. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर किंवा सर्व्हर, याखेरीज ती दुसरीकडे कुठे असणार?

"पण चालतेय ना रे?" काकांनी विचारले. चालत होतीच. न्यायाला धरून रात्रभर पूर्ण पृष्ठभागाची तपासणी लावली. आठ तासांत एकही खराब सेक्टर सापडला नाही.

"काका, दुकानदाराने खरे तास सांगून दिली असती, तर फोटोंची तिसरी प्रत ठेवायला घ्या म्हटले असते," मी म्हणालो. "ज्याने तास पुसले, त्याने खराब सेक्टरांची नोंदही पुसली नसेल कशावरून? लोकांच्या लग्नांचे फोटो हिच्यावर ठेवू नका."

दुकानदाराने हुज्जत न घालता डिस्क परत घेतली. फक्त चेकिंगचे म्हणून तीनशे रुपये कापले. त्या तीनशेंबद्दल काका अजून मलाच ऐकवतात.