माझ्याच टिपणांत हरवलेले शब्द

वाचलेल्या पुस्तकांवरची टिपणे मी गेली अनेक वर्षे संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवते. त्यांची संख्या हजारापुढे गेल्यावर हवे ते टिपण गाठायला शोध हाच एक मार्ग उरला, आणि नेमका तोच दगा देऊ लागला. एकदा ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द शोधला, तर एकही फाइल हाती लागली नाही. त्या धातूवर मी सविस्तर लिहिले होते हे पक्के आठवत होते, म्हणून एकेक फाइल उघडत गेले. शेवटी सापडलेल्या टिपणात तो शब्द पहिल्याच ओळीत होता आणि डोळ्यांना तरी दोहोंत काडीचाही फरक दिसत नव्हता.

असे वारंवार होऊ लागल्यावर मी पायथन या संगणकभाषेत चार ओळी लिहून दोन्ही शब्दांतल्या प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणातला, क्रमांक छापून पाहिला. मी आता टंकलेला ‘ॲ’ हे एकच चिन्ह होते, क्रमांक ०९७२. जुन्या टिपणात मात्र ०९०५ क्रमांकाचा ‘अ’, त्यानंतर शून्य रुंदीचे, म्हणजे न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ०९४५ क्रमांकाचा चंद्र अशी तीन चिन्हे मिळून तेच अक्षर झाले होते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. माझा जुना कळफलक त्याआधीच्याच रीतीने लिहीत होता. कारण कळल्यावर मला फार हायसे वाटले आणि शोधासाठी स्वतःचेच छोटे साधन करायचे मी ठरवले.

कल्पना सोपी होती: मूळ फाइलींना हात न लावता त्यांतल्या मजकुराची एकसारखी केलेली प्रत सूचीसाठी ठेवायची आणि शोधायचा शब्दही त्याच चाळणीतून काढायचा. युनिकोडचे एनएफसी नावाचे प्रमाणीकरण, म्हणजे समान मानलेली रूपे एकसारखी करण्याची रीत, पायथनमध्ये तयार मिळते. ‘र’ला खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ त्याने एका चिन्हात आणला, पण ‘ॲ’ची दोन रूपे तशीच राहिली, कारण युनिकोडच्या लेखी ती समान नाहीतच. तो नियम मला स्वतः लिहावा लागला.

खरी चूक मी त्यानंतर केली. न दिसणारी जोडचिन्हे निरुपयोगी समजून मी ती सरसकट काढून टाकली. दुसऱ्या दिवशी ‘आचाऱ्यांनी’ शोधले, तर स्वयंपाकघरांच्या इतिहासावरचे जुने टिपण आलेच नाही, आणि ‘आचार्यांनी’ शोधल्यावर मात्र ते तत्त्वज्ञानावरच्या टिपणांबरोबर समोर आले. जुन्या फाइलींत ऱ्य हे जोडाक्षर र, हलन्त, जोडचिन्ह आणि य असे लिहिलेले होते. जोडचिन्ह गेले की त्याचा रफार होतो आणि आचारी आचार्य होऊन बसतो. मराठीत ज्या फरकाने अर्थ बदलतो, तो मी माझ्या हाताने पुसला होता, याचे मला मनापासून वाईट वाटले. उपाय क्रमात होता: आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या त्रयीचे ‘ऱ्’ करायचे आणि मगच उरलेली जोडचिन्हे काढायची.

शब्द वेगळे करतानाही असाच घोळ झाला. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या खुणांच्या भाषेत, ‘शब्दातले कोणतेही अक्षर’ दाखवणारी जी खूण आहे, ती देवनागरी मात्रांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे सूचीत गेले होते. मी ती खूण सोडून दिली आणि मोकळ्या जागा व विरामचिन्हे यांवरच मजकूर तोडला. देवनागरी आणि इंग्रजी आकडे एक करणे दोन ओळींत झाले. सामान्यरूपांचा प्रश्न, म्हणजे ‘घोडा’ शोधल्यावर ‘घोड्याला’ सापडणे, मी तूर्त बाजूला ठेवला आहे, कारण त्याला व्याकरणाची खरी जाण लागते.

जो शब्द एकदा निसटला, त्याची दोन्ही रूपे मी चाचणीच्या फाइलीत जोडीने लिहून ठेवते आणि नियम बदलला की सगळ्या जोड्या पुन्हा तपासते. त्या फाइलीत ‘ॲल्युमिनियम’ची जोडी सर्वांत वर आहे, आणि तिच्याखालीच आचारी व आचार्य हे दोन शब्द आहेत, जे कधीही एक होता कामा नयेत.