नागपूरचा मे महिना, सीओटूचं सिलिंडर आणि चार समीकरणं

सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, फायर एक्स्टिंग्विशरवर प्रेशर गेज नसतो. तो भरलेला आहे की रिकामा, हे वजन करून पाहतात. केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्स शिकवणाऱ्या आमच्या मॅडमनी मला प्रोजेक्ट दिला तो याच सिलिंडरवर. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर जातो, तेव्हा त्याच्या आत दाब किती असेल? "आदर्श वायूपासून सुरू कर आणि उत्तर पटेपर्यंत थांबू नको," एवढंच त्या म्हणाल्या. उन्हाळी परीक्षेची तयारी आणि हे काम सोबतच चाललं.

भरण धरलं लिटरमागे 667 ग्रॅम. म्हणजे एका मोलच्या वाट्याला 0.066 लिटर जागा, आणि तापमान 318 केल्विन. आदर्श वायूचं, म्हणजे रेणूंना ना आकार ना ओढ असं धरणारं, पीव्ही बरोबर आरटी लावलं (दाब गुणिले मोलमागची जागा बरोबर वायू स्थिरांक गुणिले तापमान), उत्तर आलं 401 बार. हा आकडा वहीत चौकट करून ठेवला, कारण पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं होतं.

मग डच भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांचं समीकरण. त्यांनी 1873 मध्ये लायडनच्या प्रबंधात दोन गोष्टी धरल्या: रेणू स्वतः जागा अडवतात आणि एकमेकांना ओढतात. जागेसाठी बी, ओढीसाठी ए. दोन्ही स्थिरांक वायूच्या क्रिटिकल बिंदूवरून निघतात, म्हणजे ज्या तापमानाच्या वर कितीही दाबलं तरी वायूचा द्रव होत नाही त्या बिंदूवरून. सीओटूसाठी तो बिंदू 31 अंश सेल्सिअस आणि 73.8 बार, अँड्र्यूज यांनी बेलफास्टमध्ये केलेल्या मोजमापांतून 1869 मध्ये तो जगापुढे आला. उत्तर आलं 303 बार.

इथे मी बराच वेळ रेंगाळले, आणि माझ्या मते हा विषय खरा समजतो तो इथेच. बी निघतो 0.043. उपलब्ध जागा 0.066. म्हणजे दोन तृतीयांश जागा रेणूंनीच व्यापली, असं समीकरण धरून चालतं. पहिलं पद येतं 1143 बार, ओढीचं पद 840, आणि दाब म्हणजे या दोन अवाढव्य आकड्यांची वजाबाकी. बी नुसता एक टक्क्यानं हलवून पाहिला, तर उत्तर 20 बारहून जास्त सरकलं. पुस्तकात "जास्त घनतेला हे समीकरण अचूक राहत नाही" अशी एक ओळ असते. ती ओळ पाठ करणं वेगळं आणि हे दोन आकडे शेजारी लिहून पाहणं वेगळं.

तेच समीकरण विरळ वायूला लावलं, मोलला एक लिटर जागा दिली, की चित्र पालटतं. आदर्श वायू 26.5 बार सांगतो, व्हॅन डर वाल्स 24.0 आणि पेंग-रॉबिन्सन हे अलीकडचं समीकरण 23.5. इथे दीडशे वर्षांपूर्वीचं समीकरण आधुनिक समीकरणाच्या अगदी जवळ जातं. त्याला टाकाऊ ठरवणाऱ्यांनी हा आकडा एकदा काढून पाहावा.

सिलिंडरसाठी 1949 चं रेडलिच-क्वाँग लावलं: 155 बार. 1976 चं पेंग-रॉबिन्सन लावलं: 137. यात एसेंट्रिक फॅक्टर येतो, म्हणजे रेणू साध्या गोल रेणूपेक्षा किती वेगळा वागतो त्याचं माप. सीओटूचा रेणू सरळ काडीसारखा आहे, त्याचा फॅक्टर 0.22 च्या आसपास. शेवटी मॅडमनी मोजमापांवरून केलेले तक्ते दाखवले. त्यात दाब 120 बारच्या थोडा वर.

उत्तरांचा हा क्रम आधीच दिसायला हवा असतो, कारण आदर्श वायूनंतरचं प्रत्येक समीकरण क्रिटिकल बिंदूवर स्वतःचा झेड लादतं (झेड म्हणजे पीव्ही भागिले आरटी; आदर्श वायूसाठी तो एक). व्हॅन डर वाल्सचा 0.375, रेडलिच-क्वाँगचा 0.333, पेंग-रॉबिन्सनचा 0.307. सीओटूचा खरा झेड 0.274. जो जितका जवळ, त्याचं उत्तर तितकं बरं. हे चार आकडे एका ओळीत मांडले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

इथे प्रोजेक्ट संपतो असं वाटलं होतं. पण मॅडमनी विचारलं, "आणि डिसेंबरच्या पहाटे गं?"

10 अंश धरून पेंग-रॉबिन्सनमध्ये तीच जागा भरली, तर दाब आला 18 बार. खरा दाब असतो 45. समीकरण एकाच अवस्थेचं गृहीत धरून आकडा देतं. सिलिंडरमध्ये मात्र 31 अंशांखाली सीओटू द्रव आणि वाफ अशी विभागलेली असू शकते. तशी ती असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो, सिलिंडर पूर्ण भरलेला असो की अर्धा. गेज का लावत नाहीत, तेही याच्यातून कळलं.

म्हणून थंडीतलं गणित वेगळं करावं लागतं. एक दाब धरायचा, पेंग-रॉबिन्सनचं क्युबिक (जागेचं तिसऱ्या घाताचं समीकरण) सोडवायचं, तीन मुळांपैकी सर्वांत लहान ते द्रवाचं आणि सर्वांत मोठं ते वाफेचं घ्यायचं, मधलं सोडून द्यायचं. मग दोन्हींची फ्युगॅसिटी, म्हणजे त्या अवस्थेतून निसटण्याच्या ओढीचं दाबासारखं माप, काढायची आणि ती सारखी होईपर्यंत दाब बदलत राहायचं. हाताने हे फार किचकट जातं. एक्सेलमध्ये दाबाचा एक रकाना आणि दोन फ्युगॅसिटींच्या गुणोत्तराचा दुसरा, एवढ्यावर काम भागतं. गुणोत्तर एकवर आलं, तेव्हा दाबाच्या रकान्यातला आकडा 45 च्या जवळ होता.