तुमचं पॅनल बाजारात कधी येणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते: येणार नाही. माझ्या प्रयोगशाळेतला सोलर सेल कुणाच्या कौलांवर बसणार नाही, माझ्या हयातीत तर नाहीच. रत्नागिरीत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न येतो, लग्नाकार्यात येतो, आणि देवगडला माहेरी गेले की शेजारचे काका अंगणातूनच हाक मारतात, “गो बाय, तुजा ता पॅनल येतला कधी?” २०२४मध्ये सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून विचारणारे वाढलेच. आयुष्यभर हेच काम केलेली बाई शेजारी असताना पॅनल दुकानातून कशाला आणायचं, असं त्यांना वाटणं साहजिक आहे.

माझं क्षेत्र थिन फिल्मचं, म्हणजे अगदी पातळ थराच्या सोलर सेलचं. तसं पॅनल केव्हाच आलंय. सिलिकॉन प्रकाश सावकाश शोषतं, म्हणून त्याची चकती दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाड ठेवावी लागते. कॅडमियम टेल्युराइडचा दोन-तीन मायक्रॉनचा थर तेच काम करतो, आणि तो थेट काचेवर चढवता येतो. तमिळनाडूत २०२४मध्ये अशा पॅनलांचा वर्षाला ३.३ गिगावॅटचा कारखाना सुरू झाला. आलं नाही ते माझ्या पदार्थाचं पॅनल.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पीएचडी करताना मी कॅडमियम सल्फाइडपासून, म्हणजे अशा सेलमधल्या जोडथरापासून, सुरुवात केली. बीकरमध्ये कॅडमियम सल्फेटचं द्रावण घ्यायचं, त्यात अमोनिया थेंब थेंब सोडायचा. आधी पांढरा साका येतो, अमोनिया वाढवला की तो विरघळून द्रावण पुन्हा नितळ होतं. मग थायोयुरिया घालायचा, काचेच्या पट्ट्या उभ्या सोडायच्या आणि वॉटर बाथ सत्तर अंशांवर ठेवायचा. थोड्या वेळाने द्रावणाला हिरवट छटा येते, मग ते पिवळं होतं, मग गर्द पिवळं. पट्टी नेमकी कधी बाहेर काढायची हे घड्याळापेक्षा तो रंग जास्त सांगतो. उशीर झाला की थरावर भुकटी बसते आणि ती कापसाने पुसली तरी पूर्ण निघत नाही. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं, ही शिस्त मी आजही प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी लावते. कॅडमियम विषारी आहे.

ते विषारी आणि टेल्युरियम दुर्मिळ, तांबं शुद्ध करताना हाती लागेल तेवढंच. म्हणून पुढे मी सीझेडटीएसकडे वळले. तांबं, जस्त, कथील, गंधक: चारही स्वस्त, चारही मुबलक. बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, म्हणजे सूर्यप्रकाशाला हवा तसा. कागदावर यात नाव ठेवायला जागा नाही. पण आवर्त सारणीत तांबं आणि जस्त शेजारी शेजारी, आकारही जवळजवळ सारखा. स्फटिक तयार होताना ते एकमेकांच्या जागा घेतात, आणि सेलला मिळायला हवं तेवढं व्होल्टेज मिळत नाही. या जातीच्या सेलने २०१३मध्ये १२.६ टक्के कार्यक्षमता गाठली, आणि जवळजवळ दशकभर आकडा तिथेच अडून राहिला. तोवर सिलिकॉन प्रयोगशाळेत २६ टक्क्यांच्या पुढे गेलं आणि बाजारात इतकं स्वस्त झालं की स्वस्त पदार्थ हा आमचा मुख्य मुद्दाच हलका झाला.

यात कोकणाची हवा. झिंक क्लोराइडची बाटली जुलैत उघडा आणि थोडं वजनकाट्यावर ठेवा, आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. हवेतलं पाणी ते ओढून घेतं. आपण जस्त मोजतोय असं वाटतं आणि मोजत असतो पाणी. सीझेडटीएसमध्ये तांबं किंचित कमी आणि जस्त किंचित जास्त असलं तरच सेल बरा चालतो, तेव्हा हा फरक महागात पडतो. आम्ही झिंक ॲसिटेटवर आलो, सगळी रसायनं डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद कोरड्या भांड्यात, ठेवली, त्यातलं सिलिका जेल निळं, म्हणजे कोरडं, आहे ना हे रोज सकाळी बघायची सवय लावून घेतली. एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासायला, नमुने आंबा घाटातून कोल्हापूरला जायचे, तेही सिलिका जेलच्या पुड्यांसकट. आणि एक्सआरडीने भागत नाही. झिंक सल्फाइडच्या रेषा सीझेडटीएसच्या रेषांवरच पडतात, लेसरचा विखुरलेला प्रकाश तपासणारी रामन चाचणी केल्याशिवाय आत नक्की काय आहे ते कळत नाही.

आमच्या क्षेत्राबद्दल एक गोष्ट मला मनापासून खटकते. असंख्य पेपरांत फिल्म असते, सेल नसतो. थर चढवला, एक्सआरडी काढला, बँड गॅप मोजला आणि शेवटी लिहिलं, “सोलर सेलसाठी उपयुक्त”. प्रमोशनच्या गुणांसाठी ते चालून जातं. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, सेल करा, एक टक्का आला तरी तो छापा, आणि पावसाळ्यानंतर त्याचं काय झालं तेही छापा.

मग इतकी वर्षं कशासाठी, हा तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग. कॅडमियम टेल्युराइडचंच बघा. त्या थराला कॅडमियम क्लोराइड लावून चारशे अंशांच्या आसपास तापवलं की सेल एकदम सुधारतो, हे लोकांना करून करून कळलं. क्लोरीन स्फटिककणांच्या सीमांवर जाऊन बसतं हे सूक्ष्मदर्शकाने दाखवलं ते कितीतरी नंतर. आणि २०१४मध्ये लिव्हरपूलच्या गटाने दाखवलं की विषारी कॅडमियम क्लोराइडच्या जागी साधं मॅग्नेशियम क्लोराइडही चालतं. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं, त्यात असतं तेच. बाजारातल्या त्या पॅनलमागे अशा अनेक ठिकाणच्या माणसांची कामं आहेत, ज्यांचा स्वतःचा सेल कधीच विकला गेला नाही. दमट हवेत, कमी खर्चाच्या रासायनिक पद्धतीने सीझेडटीएस करताना प्रमाण कुठे बिघडतं, हे आमच्या छोट्या प्रयोगशाळेने नीट मोजून ठेवलं आहे. ते मला मोलाचं वाटतं.

तेव्हा काका, तुम्ही आत्ता सिलिकॉनचंच बसवा, माझ्यासाठी थांबू नका. फक्त समुद्र जवळ आहे हे विक्रेत्याला सांगा आणि पॅनलला आयईसी ६१७०१ ही खाऱ्या हवेची चाचणी झाली आहे का ते कागदावर बघून घ्या. बहुतेक वेळा पॅनलआधी सांगाडा गंजतो, म्हणून तो हॉट-डिप गॅल्वनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचा आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा. पावसाळाभर काच आपोआप धुतली जाते. दिवाळीनंतर मात्र मिठाचा पापुद्रा धरतो, तो सकाळी काच थंड असताना गोड्या पाण्याने धुवा. खालच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते त्यावर ओतू नका.