तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मेड इन जपान’च का?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक आमच्या गावची. भजनात पखवाज वाजवणारा माणूस घरी डीप पर्पल हा इंग्लंडचा रॉक बँड कसा काय ऐकतो, याचं त्यांना नवल वाटतं. त्यांना मी आता उत्तर देत नाही. दुसरी माणसं जाणकार असतात. गणपतीला मुंबई-पुण्याहून येणारे आमचेच चाकरमानी, तरुणपणी रॉक ऐकलेले. त्यांचं म्हणणं असं : “‘मशीन हेड’सारखा स्टुडिओतला अल्बम सोडून तू हा ‘मेड इन जपान’ लाइव्ह अल्बम काय धरून बसलास? सातातली चार गाणी तिकडचीच, आणि तिकडे ती नेमकी आहेत, स्वच्छ आहेत. इथे गिटार भरकटते, गायक किंचाळतो, शेवटचं गाणं वीस मिनिटं संपत नाही.” आणि मग ठरलेलं वाक्य येतं : “लाइव्ह अल्बम म्हणजे जे तिथे हजर होते त्यांच्यापुरती आठवण.”

हे वाक्य मला लागतं. दर चतुर्थीला ऐकतो आणि दर वेळी लागतं. पडवीत चहा घेताना त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितो.

आधी अल्बम झाला कसा ते. ऑगस्ट १९७२ मध्ये डीप पर्पलचे जपानात तीन कार्यक्रम झाले. १५ आणि १६ तारखेला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये, १७ला टोकियोच्या बुदोकानमध्ये. ध्वनिमुद्रण हवं होतं ते तिथल्या रेकॉर्ड कंपनीला, तेही फक्त जपानात विकायला. बँडला त्यात फारसा रस नव्हता. मार्टिन बर्च या त्यांच्या नेहमीच्या इंजिनिअरने आठ ट्रॅकच्या यंत्रावर तिन्ही रात्री पकडल्या. पुढे मिक्सिंगला पाचातले दोघेच आले, बासवाला रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवाला इयन पेस. डिसेंबरात अल्बम ब्रिटनमध्येही निघाला आणि पुढे जगभर गेला. मागाहून स्टुडिओत काही भरलं नाही, असं बँड कायम सांगत आलाय. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्या तीन रात्री कोणी रेकॉर्डसाठी वाजवत नव्हतं. समोर बसलेल्यांसाठी वाजवत होते.

आता ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ ऐका. गाणं मध्यावर आलं की रिची ब्लॅकमोर गिटारवर एक छोटा तुकडा टाकतो आणि इयन गिलन तो गळ्यातून जसाच्या तसा परत देतो. मग जरा अवघड तुकडा. तोही परत. मग आणखी वर. गिटार थांबत नाही, गळा हटत नाही, आणि शेवटी गिलन अशी एक लांब किंकाळी मारतो की सभागृह फुटतं. ज्याने आयुष्यात एक डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, रात्रभर बसून ऐकलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. समोरच्या बुवाने टाकलेली चाल उचलायची, तिला आपलं काही जोडायचं आणि परत फेकायची. ‘आता बघ’ म्हणून. हे एकट्याने, बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून होत नाही. स्टुडिओतल्या त्याच गाण्यात हा भाग नाहीच. मग ‘तेच गाणं तिकडे स्वच्छ आहे’ म्हणजे काय? ते गाणं तिकडे नाहीच आहे.

‘द म्यूल’बद्दल कोणी काही विचारत नाही, कारण लोक ते पुढे ढकलतात. जवळजवळ सगळं गाणं पेसचा ड्रम सोलो आहे. मी चामड्यावर हात मारणारा माणूस आहे, मला ते पुढे ढकलता येत नाही. पेस डावखुरा, आणि त्याच्या हाताला जडपणा नाही. तो वेग वाढवतो तेव्हा आवाज वाढवत नाही. आवाज खाली ठेवून वेग वाढवतो. हे किती कठीण आहे ते भजनातल्या कुठल्याही पखवाजवाल्याला विचारा. गजर चढायला लागला की आपला हात आपोआप जड होतो, धुमेवरची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावरची, कणीक सुटायला येते, आणि बुवा डोळ्यांनी दटावतो.

कबूल करायला हरकत नाही, की मीही पूर्वी या चाकरमान्यांच्याच बाजूचा होतो. बोटीवर असलेल्या मामाने आणलेल्या दोन कॅसेट होत्या माझ्याकडे, एक ‘मशीन हेड’ आणि एक ही. मला पहिलीच आवडायची. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती सुरुवात, ‘हायवे स्टार’मधलं गिटार आणि ऑर्गनचं एकमेकांत बसवलेलं काम, सगळं पाटावर ठेवल्यासारखं. आजी पडवीतून ओरडायची, “खय आग लागली काय रे?” आणि गाणं खरोखरच आगीचं होतं. ४ डिसेंबर १९७१ला स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोचा कॅसिनो जळाला, तळ्यावर धूर पसरला, त्यावरचं. लाइव्ह कॅसेटवरचं ‘स्पेस ट्रकिन’ मी कधी शेवटपर्यंत ऐकत नसे. मूळ साडेचार मिनिटांचं गाणं इथे वीस मिनिटांचं कशाला, असं वाटायचं.

तो मुलगा पूर्ण चुकत होता असं मी आजही म्हणणार नाही. त्या वीस मिनिटांत जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शलच्या अॅम्प्लिफायरमधून गुरगुरत येतो तो भाग अफाट आहे. होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ‘ज्युपिटर’चा एक तुकडाही त्यात डोकावून जातो. पुढे ब्लॅकमोर ‘फूल्स’ या त्यांच्या जुन्या गाण्यातला तो सुरावर हळूहळू पाणी चढल्यासारखा भाग घेतो, तोही अफाट. पण या दोन भागांच्या मध्ये गाणं खाली बसतं. बँडला पुढचं पाऊल सापडत नसतं आणि ते आपल्याला कळतं. पूर्वी मी म्हणायचो, तेवढं कापा. आता म्हणतो, तेवढं ठेवा. का ते सांगायला मला आमच्या बुवांबद्दल सांगावं लागेल. हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

आमच्या मंडळाचे बुवा. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. आम्ही त्यांना बुवाच म्हणायचो. मी त्यांच्या मागे पखवाजावर बसायला लागलो तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. श्रावणात शेजारच्या गावी सप्ताह होता आणि शेवटच्या रात्री डबलबारी. समोर तरणाबांड बुवा, गळ्याने जबरदस्त. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. आमच्या बुवांचा आवाज त्या वर्षी बरा नव्हता, श्वास कमी पडायचा. रूपावली झाली, अभंग झाला, गौळण झाली, आणि त्यांनी गजर उचलला. लय जरा चढतेय तोच लाइट गेली.

सगळं गेलं. माइक, ट्यूबलाइट, पेटीसमोरचा छोटा दिवा. दुसरा कोणी बुवा थांबला असता. आमचे थांबले नाहीत. त्यांचा उघडा आवाज सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाला पोचत नव्हता हे मला माझ्या जागेवरून कळत होतं. मी हात हलका केला, झांजवाल्यांना खुणावलं तर त्यांना दिसेना. आणि मग पुढे बसलेल्या बायकांनी गजर उचलला. त्यांच्या मागच्यांनी उचलला. पाठीमागे उभे होते ते मोबाइलच्या बॅटऱ्या लावून पुढे सरकले. आणि समोरच्या बारीचा बुवा, जो आमचा प्रतिस्पर्धी होता, ज्याने आमच्या चुका मोजत बसायचं, त्याने आपल्या कोरससकट आमचा गजर धरला. त्याचा पखवाजवाला माझ्या ठेक्यावर आला. दोन पखवाज एका लयीत, अंधारात. असं मी आधी ऐकलं नव्हतं.

लाइट आली तेव्हा माइकने कर्कश शिट्टी मारली. बुवा त्याच दमात वरच्या षड्जाला गेले आणि आवाज फाटला. चांगलाच फाटला. ते हसले, श्वास घेतला, पुन्हा गेले, आणि या वेळी तो लागला. मंडपातून जो आवाज आला त्याला टाळ्या म्हणता येणार नाही.

बुवांच्या पुतण्याने खांबाला एक छोटा बॅटरीवरचा रेकॉर्डर बांधून ठेवला होता. त्यात हे सगळं आलं. मी त्याच रात्री त्याच्या कानातल्या बोंडातून थोडंसं ऐकलं : पाऊस, बायका, दोन पखवाज. कार्तिकात बुवा गेले. घरच्यांच्या मनात आलं की त्यांची आठवण म्हणून ती बारी लोकांना ऐकवावी. पुतण्याने चांगल्या मनाने ते कार्ड तालुक्याच्या एका स्टुडिओत दिलं.

परत आलं ते मी त्यांच्या घरी सगळ्यांबरोबर बसून ऐकलं. पाऊस नव्हता. अंधारातला सगळा भाग गेला होता, कारण ‘तिथे बुवांचा आवाज लांब येतो’. गजर जेमतेम चार मिनिटांचा. फाटलेला षड्ज काढला होता आणि दुसऱ्यांदा लावलेला यंत्राने आणखी सरळ करून ठेवला होता, इतका सरळ की तो माणसाचा वाटेना. मागे कीबोर्डचा एक लांब सूर पसरला होता. शेवटी टाळ्या होत्या, आणि त्या आमच्या मंडपातल्या नव्हत्या. कुठल्या तरी नाट्यगृहातल्या टाळ्या होत्या.

मी दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेलो आणि मूळ फाइल मागितली. “ती कशाला ठेवायची? जागा अडवते.” कार्ड पुसून दुसऱ्या कामाला लावलं होतं. मी तिथे भांडलो नाही. भांडून परत काय येणार होतं?

त्या आठवड्यात मी ‘मेड इन जपान’ शेवटपर्यंत ऐकला. ‘स्पेस ट्रकिन’च्या त्या बसलेल्या भागाला पोचलो आणि वाटलं, हे कोणी कापलं नाही. इथे पाच माणसांना पुढचं सुचत नव्हतं, आणि हजारो लोक गप्प बसून थांबले होते, आणि हे कोणीतरी ठेवलं. म्हणून मला त्याच्यापुढे जो उसळून येतो तो शेवट खरा वाटतो. आधीचं रिकामपण काढा आणि तो शेवट नुसता मोठा आवाज होईल.

आता तुमच्यातले जाणकार म्हणणार, आणि एकाने म्हटलंही : “अरे, पण तेही निवडलेलंच आहे ना? तीन रात्रींतलं बरं तेवढं घेतलं.” खरं आहे. ‘लेझी’ आणि ‘द म्यूल’ टोकियोचं, बाकी ओसाकाचं, आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ पहिल्या रात्रीचं घेतलं कारण ती सुरुवात ब्लॅकमोरच्या हातून त्याच रात्री धड निघाली. १९९३मध्ये तिन्ही रात्रींचा मोठा संच निघाला, त्यात बाकीचं ऐकता येतं. म्हणजे बर्च आणि मंडळींनीही चाळण लावलीच. मग तालुक्याच्या त्या पोराने वेगळं काय केलं?

यावर मी बराच काळ भांडलोय, लोकांशी कमी आणि स्वतःशी जास्त. माझं म्हणणं असं की तीन रात्रींतून एक रात्र निवडणं वेगळं आणि एका रात्रीला न झालेली रात्र करणं वेगळं. निवडलेल्या रात्रीत जे झालं ते झालं. पण हे म्हणताना माझा पाय पूर्ण टेकत नाही. बुवा आपल्या आवाजाबद्दल फार कडक होते. कोणी मोबाइलवर टिपलेलं ऐकवलं की “ह्या पुसून टाक, सूर लागलो नाय,” म्हणायचे. तो फाटलेला षड्ज लोकांनी ऐकावा असं त्यांना वाटलं असतं का? मला नाही वाटत. गायकाचा आपल्या सुरावर हक्क असतो की नाही? असतो. मग त्या अंधारात बायकांनी गायलं त्यावर कोणाचा?

आणि काकी. बुवांच्या पत्नी. त्या रोज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती सुधारलेली बारी लावतात. एकदा मी तिथे होतो. म्हणाल्या, “किती गोड लागता रे आवाज. तरणे होते तेव्हा असोच होतो.” मी काय सांगणार होतो त्यांना? त्यांना त्या यंत्राने सरळ केलेल्या सुरात पंचविशीतले बुवा ऐकू येतात. ते मला ऐकू येत नाहीत, कारण मी तेव्हा नव्हतो.

तर ‘हजर होते त्यांच्यापुरती आठवण’ या वाक्यावर माझं उत्तर हे आहे. मी ओसाकाला नव्हतो. माझा जन्मही झालेला नव्हता. तरी ती रात्र मला मिळाली. ज्या रात्री मी हजर होतो, हात चालवत होतो, ती मला कोणालाच दाखवता येत नाही. तुम्ही म्हणता ते माझ्याबाबतीत नेमकं उलटं झालंय.

आणि ज्यांना खरोखर ऐकायचंय त्यांच्यासाठी. ‘मशीन हेड’ आधी ऐका, मी ते वाईट म्हणत नाही. मग ‘चाइल्ड इन टाइम’ ऐका, बारा मिनिटांचं आहे, त्यातल्या शांत जागी ओसाकाची माणसं किती गप्प बसलीत तिकडे कान द्या. ‘स्पेस ट्रकिन’ मोकळा अर्धा तास असेल तेव्हाच लावा, हातात फोन न घेता. कंटाळा आला तर नेमक्या कितव्या मिनिटाला आला ते मला कळवा. माझ्या मते तो लॉर्ड थांबल्यानंतर येतो, पण पुतण्या म्हणतो त्याच्याही आधी.