शुहदा, उराबी, नासर, सादात

कैरोच्या मेट्रोची पहिली लाइन १९८७ साली सुरू झाली. आफ्रिका खंडातली ही पहिलीच मेट्रो, फ्रेंचांच्या मदतीने बांधलेली. शहराच्या मध्यात तिची स्टेशनं ओळीने अशी येतात: शुहदा, उराबी, नासर, सादात, साद झगलूल. आपण चर्नी रोड, मरीन लाइन्स, चर्चगेट म्हणतो तितक्याच सहजपणे तिथले लोक ही नावं घेतात, आणि तेवढ्यात जवळजवळ दीडशे वर्षांचं राजकारण होऊन जातं. पिरॅमिड मीही पाहिले, पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते या लाइनवर केलेल्या भटकंतीबद्दल.

शुहदा म्हणजे हुतात्मे. रेल्वेच्या मुख्य स्थानकाखालचं हे स्टेशन. २०११ पर्यंत याचं नाव ‘मुबारक’ होतं. जानेवारीत लोक रस्त्यावर उतरले, ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुबारकने तीस वर्षांची सत्ता सोडली, आणि लोकांनी स्टेशनातल्या पाट्यांवरचं त्याचं नाव खोडून तिथे हाताने ‘शुहदा’ लिहिलं. सरकारने पुढे तेच नाव कायम केलं. त्या उठावातून हाती लागलेल्या आणि आजही टिकलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. २०१२ मध्ये निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष मोर्सी ३ जुलै २०१३ ला लष्कराने हटवला. तेव्हाचे लष्करप्रमुख सिसी २०१४ पासून राष्ट्राध्यक्ष आहेत. यावर डब्यात कुणी बोलत नाही. मी भारतीय आहे हे कळलं की गप्पा अमिताभ बच्चनपासून सुरू होतात आणि तिथेच घोटाळत राहतात. राजकारण निघालंच तर ते भाकरीच्या भावातून.

ते साहजिकच आहे. सरकारी अनुदानाची ‘ऐश बलदी’, म्हणजे कोंड्याच्या पिठाची गोल भाकरी, वर्षानुवर्षं ५ पियास्त्रांना (पियास्त्र म्हणजे इजिप्शियन पौंडाचा शंभरावा भाग) मिळायची. जून २०२४ मध्ये ती २० पियास्त्र झाली. रक्कम आजही नगण्यच, पण चौपट ती चौपट. जानेवारी १९७७ मध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष सादातने खाद्यपदार्थांवरचं अनुदान कापलं तेव्हा देशभर दंगली उसळल्या होत्या, लष्कर बोलवावं लागलं होतं आणि निर्णय मागे घ्यावा लागला होता. तेव्हापासून प्रत्येक सरकार भाकरीला हात लावताना दहादा विचार करतं.

उराबी स्टेशनवर मी उतरलोच नाही. अहमद उराबी हा लष्करी अधिकारी. खेदिव, म्हणजे इजिप्तचा तेव्हाचा शासक, आणि त्याच्यामागचे युरोपीय सावकार यांच्याविरुद्ध तो उभा राहिला. १८८२ मध्ये तेल अल-कबीरला ब्रिटिशांनी त्याचा पराभव केला (त्या फौजेत हिंदुस्थानी पलटणीही होत्या) आणि त्याला सिलोनला धाडलं. सुएझ कालवा, कर्ज आणि परकी सैन्य हे त्रिकूट इजिप्तच्या राजकारणात तेव्हा घुसलं, ते वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा येत राहिलं.

नासरसाठी मात्र वेळ काढला. त्याची मशीद याच लाइनवर, उत्तरेला कुब्री अल-कुब्बाजवळ आहे. कबर तिथेच. जवळच मन्शियत अल-बक्रीतल्या त्याच्या घरात २०१६ पासून संग्रहालय आहे. मध्यमवर्गीय अधिकाऱ्याचं वाटावं असं घर. नेहरू आणि युगोस्लाव्हियाचा टिटो यांच्याशिवाय इथली गोष्ट पुरी होत नाही. जुलै १९५६ मध्ये तिघे युगोस्लाव्हियात ब्रियोनीला भेटले. तिथून नासर आणि नेहरू एकाच विमानाने कैरोला निघाले, आणि अमेरिकेने आस्वान धरणासाठीची मदत मागे घेतल्याची बातमी त्याच प्रवासात आली. आठवड्याभरात, २६ जुलैला, अलेक्झांड्रियाच्या सभेत नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. कालवा खोदणाऱ्या दे लेसेप्सचं नाव भाषणात येणं हाच कार्यालयं ताब्यात घेण्याचा इशारा ठरला होता, म्हणून ते नाव तो पुन्हा पुन्हा घेत राहिला. एवढा जवळचा मित्र असून नेहरूंना त्याने आधी काही कळू दिलं नव्हतं. धरण शेवटी सोव्हिएत पैशाने आणि तंत्रज्ञांनी उभं राहिलं.

सगळ्यांत आधीचा राष्ट्राध्यक्ष मात्र नासर नव्हे, मोहम्मद नगीब. राजाला हटवणाऱ्या १९५२ च्या लष्करी क्रांतीचा दर्शनी चेहरा तोच होता. १९५४ मध्ये नासरने त्याला दूर करून मर्गमधल्या एका बंगल्यात नजरकैदेत ठेवलं, ते थेट सादातच्या काळापर्यंत. मर्ग म्हणजे याच लाइनचं उत्तर टोक. नगीबच्या नावाचं स्टेशनही आहे, पण दुसऱ्या लाइनवर. नावं देताना कुणी एवढा विचार केला असेल असं वाटत नाही, पण जमून आलंय खरं.

सादात स्टेशनमधून वर आलं की तहरीर चौक. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मोर्सी समर्थकांचा राबा चौकातला तळ पोलीस आणि लष्कराने उधळला, त्यात शेकडो माणसं मेली. त्यानंतर हे स्टेशन जवळजवळ दोन वर्षं बंदच ठेवलं होतं. गाडी न थांबता पुढे जायची. आता चौकात फेरो रामसेसचा ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, आणि कर्नाकहून आणलेले चार मेंढ्याच्या तोंडाचे स्फिंक्स बसवलेत. सगळं चकचकीत आहे, आणि साध्या कपड्यांतले पोलीस आहेत. निवांत टेकायला चौकात जागा फारशी नाही, आणि हा योगायोग नसावा.

चौकाच्या कडेला अरब लीगचं, म्हणजे अरब देशांच्या संघटनेचं, मुख्यालय आहे. समोरच्या फूटपाथवर मी बराच वेळ उभा होतो. १९७७ मध्ये सादात जेरुसलेमला गेला, १९७८ मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडचा समझोता, १९७९ मध्ये इस्रायलशी तह. याच लीगने इजिप्तचं सदस्यत्व निलंबित केलं आणि कार्यालय ट्यूनिसला हलवलं. ते परत यायला १९९० उजाडलं. १९६७ च्या युद्धात इस्रायलने घेतलेलं सिनाई परत मिळालं, अमेरिकेची लष्करी मदत सुरू झाली. वर्षाला १३० कोटी डॉलर हा तिचा ठरून गेलेला आकडा. आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला, इस्रायलशी झालेल्या १९७३ च्या युद्धाच्या स्मरणार्थ निघालेल्या संचलनातच, सादातला त्याच्याच सैनिकांनी गोळ्या घातल्या.

नासरच्या अंत्ययात्रेला लाखोंचा लोंढा लोटला होता. सादातच्या अंत्ययात्रेला निक्सन, फोर्ड, कार्टर आणि इस्रायलचा बेगिन आले. अरब राष्ट्रप्रमुखांत सुदानचा निमेरी तेवढा दिसला, आणि सामान्य इजिप्शियन माणसाला तर जवळ येऊच दिलं नव्हतं. नस्र सिटीत त्याला गोळ्या लागल्या त्या मंडपासमोरच, अज्ञात सैनिकाच्या पिरॅमिडसारख्या स्मारकाखाली त्याची कबर आहे. मी गेलो तेव्हा पहारेकऱ्यांखेरीज कुणी नव्हतं. मला विचाराल तर नासरने सिनाई गमावलं आणि सादातने ते परत आणलं. पण लोकांचं प्रेम मिळालं ते सिनाई गमावणाऱ्यालाच. त्याला मी वेडेपणा म्हणणार नाही. गरिबाघरच्या मुलाला कॉलेजात फुकट जागा आणि कुळाला जमीन नासरने दिली, सिनाईत मात्र बहुतेकांना कधी जायचंच नव्हतं.

लाइनच्या दक्षिण टोकाला हेलवान. पर्यटक इकडे येत नाहीत. एकेकाळी इथला पोलाद कारखाना हा नासरच्या काळाचा अभिमान होता. २०२१ मध्ये तो मोडीत काढायचा निर्णय झाला. मी आलो ते वेगळ्या कारणाने. साठच्या दशकात इजिप्तने जर्मन विमानरचनाकार मेसरश्मिटला बोलावून इथे स्वतःचं लढाऊ विमान बनवायला घेतलं होतं, एचए-३००. ७ मार्च १९६४ ला त्याचं पहिलं उड्डाण केलं ते भारतीय हवाई दलाच्या कपिल भार्गव यांनी. त्याचं इंजिन तपासायला आपलं एक ‘मारुत’ हे भारतीय बनावटीचं लढाऊ विमानही इथे आणलं होतं. दोन नवस्वतंत्र देश एकमेकांच्या जोरावर जेट बनवू पाहत होते, हे आज खरं वाटत नाही. १९६७ च्या पराभवानंतर पैसा राहिला नाही आणि १९६९ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. एचए-३०० आता जर्मनीतल्या एका संग्रहालयात आहे.

नंतर एकदा तिसऱ्या लाइनने पूर्वेच्या टोकाला गेलो. स्टेशनाचं नाव अदली मन्सूर, मोर्सीनंतरचा हंगामी राष्ट्राध्यक्ष. तिथे गाडी बदलून चिनी कंपन्यांनी, चिनी कर्जावर बांधलेल्या लाइट रेलने वाळवंटातल्या नव्या राजधानीकडे निघालो. डबा बराचसा रिकामा. शेजारी एक तरुण इंजिनिअर बसला होता, तिकडेच बांधकामावर नोकरीला. २०२४ च्या मार्चमध्ये एका दिवसात डॉलर ३१ पौंडांवरून ५० च्या घरात गेला, तेव्हा त्याचं लग्न पुढे ढकललं गेलं होतं. त्याच्या आदल्याच महिन्यात अमिरातीने रास अल-हिक्माच्या किनाऱ्यासाठी ३५ अब्ज डॉलरचा करार केला होता. मी विचारलं, किनारा विकल्याचं वाईट वाटतं का? त्याने आधी डब्यात इकडेतिकडे पाहिलं.

“उस्ताज,” (म्हणजे साहेब) तो म्हणाला, “आजोबांना रशियन साहेब होता, वडिलांना अमेरिकन. मला अमिराती आहे, आणि तो पगार वेळेवर देतो.”