दापोलीत नवी बॅटरी, धोपाव्यात गाडी पुन्हा बंद: सागरी मार्गाचा वृत्तांत

श्रीवर्धनकडून गुहागरच्या दिशेने मोटरसायकलने निघणाऱ्यांना आधी एवढंच सांगतो. वाटेत कुणीही "बॅटरी गेली" म्हणालं, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीला व्होल्ट मोजणारा मीटर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. दापोलीत एका गॅरेजवाल्याने मला नवी बॅटरी छापील किमतीपेक्षा चारशे रुपये जास्त घेऊन विकली. जुनी ठेवून घेतली आणि तिची वजावटही दिली नाही. ती नवी बॅटरी दाभोळच्या जेटीपर्यंत पुरली. दोष बॅटरीत नव्हताच.

मार्ग नेहमीचा: पुणे, ताम्हिणी, दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडला–वेश्वी फेरी, केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळ–धोपावे फेरी, गुहागर, तवसाळ–जयगड फेरी आणि गणपतीपुळे. गाडी ३५० सीसीची, बीएस-६, फ्युएल इंजेक्शनवाली, किक नसलेली. बरोबर मित्राची दुसरी गाडी. हरिहरेश्वरपर्यंत सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

वेश्वीला फेरीतून उतरताना सेल्फ जड फिरला. केळशीला चहा घेऊन बटण दाबलं तर नुसतं टकटकटक. या आवाजाचा अर्थ नीट लक्षात ठेवा. भराभर टकटक म्हणजे सेल्फला वीज जोडणारा रिले ओढायला जातोय, पण व्होल्टेज पडतंय: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे प्रखर असताना एकच टक् झाली आणि पुढे काही नाही, तर रिलेचे पॉइंट किंवा सेल्फची मोटर बघा. काहीच आवाज नाही, तर किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच आणि फ्यूज, याच क्रमाने. मी टर्मिनल घट्ट केली, मित्राच्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने जंप दिला, गाडी लागली. आंजर्ल्याच्या चढावर इंडिकेटर लावला की हेडलाइट त्याच तालात मंद व्हायचा. हॉर्नचा आवाज बसला होता. गाडी धावत असतानाही हे होत असेल तर चार्जिंग होत नाही, हे जवळपास नक्की समजा.

दापोलीत गॅरेजवाल्याला मी हे सगळं सांगितलं. चार्जिंग बघा म्हटलं. तो म्हणाला, "दादा, मीटर कशाला? बॅटरीच गेलीय, नवीन टाकतो, बिनधास्त जा." बॅटरी बसली, सेल्फ एका दमात फिरला. फिरणारच, भरलेली बॅटरी आहे. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब एकटाच साडेचार अँपिअर खातो, वर गाडीतला पेट्रोलचा पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि इग्निशन. ८ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी चार्जिंगशिवाय तासभरही टिकणं कठीण. दापोली ते दाभोळ त्या वळणावळणाच्या रस्त्याने तेवढा वेळ सहज जातो.

धोपाव्याला फेरीचा रॅम्प पडला आणि माझी गाडी मेली. मागे जीपा, एसटीची घाई असलेली माणसं, हॉर्न. ओला, शेवाळलेला उतार, पुढे चढ, सामानासकट जवळपास दोनशे किलोचं धूड. दोघांनी ढकलून वर आणलं. वर आल्यावर चार जणांनी "सेकंडला टाकून धक्का मारा" म्हणून सांगितलं आणि भर उन्हात तेही करून झालं. इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असेल तर धक्का स्टार्ट विसरा. पंपाला आणि ईसीयूला वीज लागते. किल्ली फिरवल्यावर पंपाची झूंऽ ऐकू आली नाही, तर ढकलण्यात एक श्वासही वाया घालवू नका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचं वेगळं, ती बहुतेक वेळा लागते.

जेटीवर उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याने गुहागरजवळच्या शृंगारतळीपर्यंतचे अडीच हजार सांगितले. दीड हजारांवर तुटलं. तेही जास्तच होतं, पण अडलेल्या माणसाला पर्याय नसतो हे त्यालाही ठाऊक होतं. गाव जवळ असेल तर आधी गावात फोन करून टेम्पो मागवा, जेटीवरचा घेऊ नका.

शृंगारतळीत रिक्षांची कामं करणारा एक वयस्कर इलेक्ट्रिशियन भेटला. त्याने पहिलाच प्रश्न केला, "अहो, गाडी चालू असताना व्होल्ट कोणी बघितले का?" जंप देऊन गाडी लावली, बॅटरीला मीटर लावला: १२.१. रेस वाढवली, काटा हलला नाही. मग सीट काढून त्याने वीज बनवणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलकडून रेक्टिफायरकडे (एसीचा डीसी करून बॅटरी भरणारा भाग) जाणाऱ्या तीन पिवळ्या तारांचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, शोधला. पांढरा कपलर तपकिरी झालेला, एक पिन जळून कोळसा, दुसरीचं प्लास्टिक वितळलेलं. गाडीचा सगळा करंट याच तीन पिनांतून जातो. पिनेवर खारट ओल बसली, गंज धरला, की रोध वाढतो, रोध वाढला की पिन तापते, तापली की पकड आणखी सैल होते. समुद्राकाठी वारंवार फिरणाऱ्या गाडीत हे ठिकाण पहिलं बघायचं, बॅटरीच्याही आधी.

त्याने कपलर कापून टाकला, तारा मागे चांगलं तांबं दिसेपर्यंत सोलल्या, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. मी विचारलं, कुठली तार कुठे? तो म्हणाला, तिन्ही पिवळ्या सारख्याच, कुठलीही कुठेही जोडा. बरोबर आहे: तिथे एसी करंट असतो, रेक्टिफायरला क्रमाशी देणंघेणं नसतं. पुन्हा मीटर: रेस दिल्यावर १४.२. तीनशे रुपये घेतले. मी पाचशे देत होतो, ते त्याने घेतले नाहीत. संपूर्ण प्रवासात याच माणसाने योग्य पैसे घेतले.

आकडे पाठ करा, हेच सगळ्यात उपयोगी आहे. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवायला हवी, १२ च्या आसपास म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. गेली, आणि बॅटरी आधी पूर्ण चार्ज केलेली असेल, तरच बॅटरी खराब म्हणा. इंजिन चालू, रेस अर्ध्यावर: १३.८ ते १४.५ चांगलं. १३ च्या खाली राहिलं तर कपलर, कॉइल किंवा रेक्टिफायर. १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायर गेलाय आणि तो नवी बॅटरीही उकळून मारेल, तसंच पुढे जाऊ नका. कॉइल तपासायची तर कपलर सोडवून पिवळ्या तारांत दोन-दोन करून एसी व्होल्ट मोजा: तिन्ही जोड्यांत जवळपास सारखे आणि रेसबरोबर वाढायला हवेत. गाडी चालू असताना त्या उघड्या टोकांना हात लावायचा नाही. इंजिन बंद करून कुठल्याही पिवळ्या तारेचा बॉडीशी संपर्क दिसला तर कॉइल जळाली. कॉइल चांगली, जोड चांगले, तरी चार्जिंग नाही, तर रेक्टिफायर बदला.

जंप देताना देणाऱ्या गाडीचं इंजिन बंद ठेवा, प्लसला प्लस, आणि मायनसच्या केबलचं दुसरं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला. बॅटरी काढताना मायनस आधी सोडा, लावताना शेवटी. फेरीत उभं असताना किल स्विचने इंजिन बंद करून किल्ली तशीच ठेवू नका, दिवे आतून बॅटरी पीत राहतात. १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटण नाही, त्यामुळे दिवसाढवळ्या चार्जिंग गेलं तर हेडलाइटचा कपलर काढून पुढचं गॅरेज गाठा, तेवढ्यानेही बरेच किलोमीटर जास्त मिळतात. फ्यूज उडाला तर तार गुंडाळू नका, वायरिंग पेटतं.

बरोबर छोटा मल्टीमीटर, त्याच अँपिअरचे फ्यूज, हातभर जाड तार, इन्सुलेशन टेप आणि जंपची केबल. मीटर मी रत्नागिरीत घेतला, ३५० रुपयांना.

गुहागर, हेदवी, तवसाळ हा भाग सुंदर आहे, तिथे काही अडलं नाही. फक्त इलेक्ट्रिकलचं काही थोडंसं जरी खटकत असेल, तर ते शृंगारतळीतच उरकून घ्या. तवसाळच्या जेटीवर काही मिळत नाही, जयगडलाही धरून चालू नका, त्यापुढचा भरवशाचा इलेक्ट्रिशियन थेट रत्नागिरीत.