तुम्ही विचारलंत म्हणून: अनारशाचं प्रमाण

"किलोला गूळ किती?" दिवाळीच्या आधी महिनाभर हा प्रश्न सुरू होतो, आणि अधिक महिना येणार असेल तर त्याच्याही दोन महिने आधी. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, हे मला पंचांगाआधी फोनवरून कळलं. मी म्हणते, "पीठ बघून घालावा लागतो." पलीकडे जरा शांतता होते. मग, "नसेल सांगायचं तर राहू दे, तुमचाही व्यवसाय आहे."

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे. आता एकदा सविस्तर लिहून टाकते. ज्यांना पटणार नाही त्यांना नाही पटलं तरी चालेल, पण "लपवते" हे मला परत ऐकायचं नाही.

चकलीच्या भाजणीचं विचारा. तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, वर धणे-जिरे. ही मी बाजारात भाजी घेताना उभ्या उभ्या सांगितली आहे. नानकटाईचं विचारा. मैदा दोन वाट्या, पिठीसाखर एक, तूप एक वाटीला चमचाभर कमी. शंकरपाळ्यांचं दूध-तूप-साखरेचं माप माझ्याकडून नेऊन दोघीतिघींनी स्वतःच्या ऑर्डरी सुरू केल्या, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. लपवायचंच असतं तर हेही लपवलं असतं.

पण हे सगळे कोरडे जिन्नस. दुकानातला मैदा कऱ्हाडात आणि डोंबिवलीत सारखाच वागतो. अनारशाच्या पिठीचं तसं नाही. तांदूळ तीन दिवस भिजतो, चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरतो, आणि तो पुरता वाळायच्या आत दळायचा असतो. हाताला गार लागला पाहिजे, पण चिकटता कामा नये. या दोन्हींच्या मधे कितीतरी पाणी असतं. पंखा कितीवर होता, कापड जाड होतं की पातळ, बाहेर ऊन होतं की मळभ, यावर पिठीतलं पाणी ठरतं. तुम्ही "एक किलो पिठी" म्हणता तेव्हा त्यात तांदूळ किती आणि पाणी किती, हे तराजू सांगत नाही. त्यात गूळ स्वतःचं पाणी घेऊन येतो, आणि डब्यात मुरताना दोघं मिळून आणखी सैल होतात. पाणी आणि गूळ जास्त झाला की अनारसा तुपात हसतो, पसरतो, विरघळून जातो. कमी झाला की जाळीच पडत नाही, बिस्किटासारखा कडक राहतो.

गेल्या दिवाळीची माझी नोंद देते. जुना कोलम, एकाच पोत्यातला, सहा वेळा भिजवला. ओल्या पिठीच्या किलोमागे गूळ लागला तो असा: ८८० ग्रॅम, ९१०, ८४०, ९२०, ८२०, ८७०. घर तेच, हात तोच, तराजू तोच. ८२० च्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता. यातला कुठला आकडा तुम्हाला सांगू?

नोंद ठेवते हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं आहे. १९९४ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही हाच प्रश्न विचारला होता, याच सुरात. सासूबाई म्हणाल्या, "हाताला कळतं गं." मला तेव्हा इतका राग आला होता की मी माहेरी जाऊन आईला सांगितलं, त्या मुद्दाम शिकवत नाहीत, सुनेला सगळं आलं तर त्यांचं महत्त्व काय उरणार? पुढच्या दिवाळीला त्यांनी किसलेला गूळ परातीत टाकायच्या आधी मी तो गुपचूप वजन केला. मनाशी ठरवलं होतं की मी कधी कुणाला "हाताला कळतं" म्हणणार नाही, ग्रॅममधे सांगेन.

ती पंचविशीतली मुलगी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, तांदूळ दळण्याआधी वजन कर, कोरडा किती होता ते माहीत आहे, म्हणजे पाणी किती शिरलं ते कळेल, मग गुळाचा हिशोब बसेल. मी ते केलं आहे. किलोभर तांदूळ भिजून निथळला की सव्वा किलोच्या आसपास भरतो, सुकवताना कमी होत जातो. त्याने आकडा जवळ येतो, हे मान्य. पण ढेप बदलली की पुन्हा चुकतो. तरी तिचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. "हाताला कळतं" यात सांगायचा कंटाळाही असतो. सासूबाईंच्यात होता. माझ्यात नाही असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

सासूबाईंची एक वही होती, लाल पुठ्ठ्याची. त्या गेल्यावर ती माझ्या मोठ्या नणंदेकडे गेली, तो त्यांचा हक्कच होता. वन्सं चिपळूणला असतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा त्यांच्या घरात माळ्याखालचं काहीच वाचलं नाही. वही गेली. त्यांच्या लग्नातली पातेली चिखलातून काढून घासून परत वापरात आली, पण वहीचा लगदा झाला. मी ती वही दोनदा चाळली होती. अनारशाच्या पानावर तांदूळ, पाणी बदलणे, खसखस, सगळं होतं, आणि गुळापुढे एकच शब्द होता: अंदाजे. मला हे नक्की आठवतं. वन्संना नक्की आठवतं की तिथे आकडा होता, आणि तो मी उतरवून घेतला होता. आता वहीच नाही, तर कोणाचं खरं ते कशावरून ठरवायचं?

२०२३ मधे अधिक श्रावण आला. १८ जुलैला सुरू झाला, ऐन पावसात. वन्संच्या मुलीचं आदल्या वर्षी लग्न झालेलं, जावयाचा पहिला अधिक मास. वन्संचा फोन आला, "तू चार दिवस ये, आपण दोघी मिळून करू." माझ्याकडे अकरा घरांची वाणं होती, प्रत्येकी तेहतीस अनारसे, शिवाय वरचे. मी म्हटलं, "जमायचं नाही, मी तयार पीठ पाठवते." त्या म्हणाल्या, "लेकीच्या वाणाचं पीठ विकतचं?" मी पैसे घेणार नव्हते. पण त्यांना तसं वाटलं असेल, किंवा मी नाही म्हणाले ते लागलं असेल. "मग प्रमाण लिहून पाठव. आईच्या वहीतलं." हे शेवटचं त्या जरा दाबून म्हणाल्या.

मी लिहून पाठवलं. तांदूळ १ किलो, तीन दिवस भिजवणे, पाणी रोज बदलणे. सावलीत सुकवून दळणे, चाळणे, पिठीचं वजन करणे. किलोला गूळ ९०० ग्रॅम, तूप दोन चमचे. सर्व एकत्र मळून घट्ट झाकणाच्या डब्यात पाच दिवस ठेवणे.

वाणाच्या दिवशी आम्ही दोघं पहाटे निघून कुंभार्ली घाटातून गेलो. घाटात धो धो पाऊस होता. साडेनऊला पोचलो. विहीणबाई आणि जावई अकराला येणार होते. स्वयंपाकघरात तुपाचा करपट वास होता. कढईच्या तळाशी काळपट साका साचलेला, चाळणीत तुकडे. वन्संनी माझ्याकडे न बघता खसखशीवर एक थापला, अलगद सोडला. तो आत गेला, क्षणभर गोल राहिला आणि मग कडेपासून सुटत सुटत सगळ्या कढईभर झाला. आम्ही दोघी बघत होतो. त्या म्हणाल्या, "हा नववा."

मी विचारलं, "कोरडी पिठी राखून ठेवलीय का थोडी?"

"कुठली पिठी? सर्व एकत्र मळून, असं लिहिलंयस तू."

मी कायम मूठ-दोन मुठी पिठी बाजूला काढते, सावलीत खडखडीत वाळवून डबीत भरते. पहिला अनारसा तळून बघते. हसला तर त्यातली चमचाभर पिठात मळते, पुन्हा एक तळते. हे इतक्या वर्षांचं आहे की तो कृतीचा भाग आहे असंही मला वाटत नाही. ते मी लिहिलं नव्हतं. आम्ही डब्यातलं विकतचं तांदळाचं पीठ घालून पाहिलं. अनारसे हसायचे थांबले, पण जाळी नाही, दाताला दगड.

दहा वाजून गेले होते. तेव्हा मी ते बोलले, जे बोलायला नको होतं की आधीच बोलायला हवं होतं, मला अजून कळत नाही. म्हटलं, "वन्सं, माझ्या पिशवीत आहेत. तेहतीस."

मी ते आणले होते कारण मी कुठल्याही वाणाला रिकाम्या हाताने जात नाही. निघायच्या आदल्या रात्री डबा भरताना मोजून तेहतीस भरले. जावयाला आमच्याकडूनही, असं मनात होतं. एवढंच होतं.

वन्संनी गॅस बंद केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुला माहीत होतं."

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी मुलाला बाजारात पाठवलं. तेहतीस बत्ताशे आले, ते दिव्याबरोबर तबकात मांडले. विहीणबाई चांगल्या आहेत, म्हणाल्या, "बत्ताशेही चालतात की, जाळीचं काहीही चालतं." त्यांच्या त्या समजूतदारपणाने वन्संचा चेहरा आणखी उतरला. मी वाढायला आत-बाहेर करत होते. एकदा कुणी नाही बघून चाळणीतला एक तुकडा तोंडात टाकला. चव सासूबाईंच्या अनारशाची होती, अगदी तीच. माझ्या अनारशांना ती कधीच आली नाही. हे वन्संना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझा डबा न उघडता घाट चढून घरी परत आला.

तेव्हापासून वन्सं माझ्याशी कामापुरतं बोलतात.

आता तुम्ही म्हणाल, मुद्दाम केलं का? मी हे स्वतःला तुमच्यापेक्षा जास्त वेळा विचारलं आहे. चिपळूणच्या जुलैत भिंतींना ओल असते, पंख्याखाली तांदूळ वरून सुकला तरी आत पाणी राहतं. पावसाळ्यात गूळ पाझरतो, आणि मी ९०० लिहिलं ते माझ्या कऱ्हाडच्या हवेत, घट्ट ढेपेला धरून. हे सगळं खरं आहे. पण हे मला लिहितानाही माहीत होतं. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला ओल आणि गूळ यांचं नातं लिहिता येत नव्हतं? "आईच्या वहीतलं" हा शब्द मला टोचला होता. आकडा हवा ना, घ्या आकडा, असं मनात आलं होतं का? आलं असावं. पण पिठीची मूठ मी त्या रागाने गाळली, की ती मला सुचलीच नाही? मी नक्की सांगू शकत नाही. कुणी देवावर हात ठेवायला सांगितला तरी नाही.

आणि पैशाचं. माझ्या दिवाळीच्या कमाईतला तिसरा हिस्सा अनारशांचा आहे. चकली सगळ्यांना येते, अनारसे येत नाहीत, म्हणून लोक माझ्याकडे येतात. ते सगळ्यांना आले तर मला फरक पडेल. हे मी कबूल करते. पण म्हणून मी खोटा आकडा देत नाही. आधीही मी "पीठ बघून" म्हणायचेच, पण त्या दिवसानंतर आकडा अजिबातच देईनाशी झाले, ते या भीतीने. तुम्हाला ते लपवणं वाटलं.

तरी आता घ्या. ओल्या पिठीच्या किलोला ८५० ग्रॅम घट्ट, न पाझरलेला गूळ, तूप दोन चमचे. सगळी पिठी मळू नका, मूठभर वाळवून ठेवा. पहिला एकच तळा. मंद आचेवर, खसखस वर ठेवून, उलटायचा नाही, पळीने वरून तूप उडवायचं. हसला तर पिठी, कडक झाला तर चमचाभर दूध. हे केलं तरी चुकू शकतं, आणि चुकलं तर मला फोन करा, फक्त "लपवलंत" म्हणू नका.

परवा वन्संच्या मुलीचा फोन आला, ठाण्याहून. "मामी, मला स्वतः करून बघायचेत. प्रमाण सांगशील?" तिने गुळाचा आकडा दोनदा विचारला. पहिल्यांदा मी दुसराच विषय काढला. दुसऱ्यांदा आधी पिठीच्या मुठीचं सांगितलं आणि मग ८५०. पाव किलोच तांदूळ घे म्हटलं, आणि चौथ्या दिवशी दळायच्या आधी व्हिडिओ कॉल कर, तांदूळ मुठीत धरून दाखव. तिने काल रात्री भिजवलाय. आईला सांगितलंस का, ते मी तिला विचारलेलं नाही.